नावेचं रीळ

आमच्या घरात व्हीसीआर आला तेव्हा मी जळगावच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. ह्यांच्या मित्राने नवा घेतला आणि त्याचा जुना आम्ही उचलला. घरात अगदी सणासारखं वातावरण झालं. मग ठरलं, भाड्याने कॅसेटी आणणं चालूच राहील, पण एक सिनेमा कायमचा विकत घ्यायचा. तो कोणता, हे सासऱ्यांनी सांगायचं.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणत असू. मूळचे साक्रीकडचे, पण सगळी नोकरी धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. त्यांनी क्षणाचाही विचार न करता एका जुन्या काळ्यापांढऱ्या मराठी सिनेमाचं नाव घेतलं. एका सुईणीची आणि तिच्या एकुलत्या एक मुलीची गोष्ट. सासूबाई लगेच म्हणाल्या, "तोच? ती पोरगी किती कृतघ्न! आईला न भेटता पळून जाते. मला नाही बाई आवडली." मुलगी नदीपलीकडच्या एका विणकराशी लग्न करते आणि आई गावात एकटी राहते, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं.

शाळेच्या वाटेवर एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. मी सिनेमाचं नाव सांगितल्यावर त्यांनी फळीवरून दोन कॅसेटी काढल्या. "दोन निरनिराळ्या कॉप्या आहेत, मॅडम. दोन्ही घेऊन जा, नीट बघा, आवडेल ती ठेवा. घाई नाही."

रविवारी जेवणं उरकून आम्ही खोलीचे पडदे ओढले. पहिली कॅसेट लावली आणि मी टाळीच वाजवली. चित्र इतकं स्वच्छ होतं की सुईणीच्या लुगड्याचे काठ मोजता यावेत. दुसरी लावली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा. खाली साड्यांच्या दुकानाची जाहिरात सरकत होती. मी म्हटलं, "ठरलं! पहिलीच घ्यायची."

नाना मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे एकटक बघत होते. पहिली कॅसेट त्यांनी पुन्हा लावायला लावली. मधेच हात वर करून त्यांच्या अहिराणीत ओरडले, "थांब! रीळ बदलनं!"

"कुठे?"

"तो ठिपका दिसला नाही? रीळ संपायला आलं की कोपऱ्यात ठिपका येतो. तो बघून आम्ही दुसरं मशीन चालू करायचो." ते टीव्हीजवळ सरकून बसले आणि प्रत्येक ठिपक्याला बोट दुमडत गेले. शेवटी टीव्हीवर बोट ठेवून माझ्याकडे वळले. "आठे एक रीळ कमी शे."

दुसऱ्या कॉपीतही मोजलं. तिच्यातही कमी. तेच रीळ. मुलगी घरात भाकरी थापत असते आणि पुढच्याच क्षणी ती पलीकडच्या काठावर. मधलं काहीच नाही.

"मधे काय आहे, नाना?" मी विचारलं.

"सांगणार नाही. बघायचं." त्यांचे डोळे चमकत होते.

सोमवारी मी चाचांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, उलट वहीच उघडून बसले. त्यांनी धुळ्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. फोन ठेवला आणि म्हणाले, "त्यांच्याकडे एक फार जुनी कॉपी आहे. पुरी आहे की नाही, ते त्यांनाही माहीत नाही. तुमच्या नानांनाच घेऊन जा."

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने नाना आणि मी धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नाना खिडकीशी बसून मला सिनेमाचे संवाद म्हणून दाखवत होते. समोरच्या सीटवरचे दोघेजण मागे वळून ऐकायला लागले होते.

दुकानदार चांगला माणूस होता. काउंटरवरच्या टीव्हीवर त्याने कॅसेट लावली आणि फॉरवर्ड करत नेली. भाकरीचा प्रसंग आला तशी मी काउंटरवर वाकले. कोपऱ्यात ठिपका चमकला. आणि पडद्यावर नदी आली! आईच मुलीला हाताला धरून घाटावर आणते, नावेत बसवते, तिच्या ओटीत तांदूळ टाकते आणि म्हणते, मागे वळून बघू नकोस. मुलगी रडते. नाव सुटते.

"बठ्ठं शे! पुरं शे!" नानांनी काउंटरवर थाप मारली. "हाईच कॅसेट लेवानी!"

"पण आजोबा, चित्रावर पाऊस आहे," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "रेघा फार आहेत."

"असू दे पाऊस. सिनेमा पूर्ण आहे."

संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो ते ओरडतच. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कॅसेट लावली. घाटाचा प्रसंग सुरू झाला तशा त्या उभ्याच राहिल्या, शेवटपर्यंत. मग नानांकडे वळल्या. "हे मी पाहिलंच नाही कधी. तुमच्याच टॉकीजमध्ये पाहिला होता मी."

नानांनी मान खाली घातली. "मीच काढेल व्हतं ते रीळ. त्या सिनेमाचे शेवटचे दिवस होते. मालक म्हणायचे, खेळ लवकर संपव, पुढचा लावायचा आहे. तू आलीस त्या दिवशीही काढलं होतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी त्या पोरीला नावं ठेवतेय!"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण सासूबाई खो-खो हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या आणि म्हणाल्या, "मागे घ्या. नावेपासून परत लावा."

आम्ही तो प्रसंग तीनदा बघितला. नंतर शेजारच्या बायकांना बोलावणं गेलं. सासूबाई प्रत्येकीला आधीच सांगत होत्या, "आईनेच पाठवलं हो तिला, आईनेच!" चाचांच्या दोन्ही कॅसेटी मी दुसऱ्या दिवशी परत केल्या. त्यांनी वहीत त्या दोन्हींपुढे 'अपुरी' असं लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, नाना अजून दोन-चार जुने सिनेमे तपासून देतील का?"

नाना त्याच आठवड्यात दुकानात जाऊन बसले.