तीन वेढ्यांची गाठ

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्या मुरुमच्या आत्याबाईंनी माझ्यावर एक दिवसही पुरता विश्वास ठेवला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या या बाईनं देवळातल्या गुरवावरही कधी ठेवला नाही. नारळ फोडायला देताना त्या आधी त्याची शेंडी नीट बघून ठेवत, आणि अर्धी वाटी परत मिळाली की शेंडीचा उरलेला भाग जुळवून बघत. "बदलला न्हाय," असं स्वतःशी म्हणाल्यावरच प्रसाद तोंडात जाई.

आज दर बुधवारी सकाळच्या एसटीनं धाराशिवहून मुरुमला माझा डबा जातो आणि दुसऱ्या दिवशी रिकामा परत येतो. रिकामा डबाही त्या फडक्यात बांधतात आणि वर आपली तीन वेढ्यांची गाठ मारतात. "साहेब, रिकाम्या डब्याला एवढी पक्की गाठ कशाला?" असं एकदा कंडक्टरनं मला विचारलं. स्टँडवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. इथं सांगतो.

आत्याबाई माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मुरुमच्या एका डाळमिलमध्ये त्या डाळ निवडायला जात. दिवसभर सुपात डाळ पसरायची आणि खडा शोधायचा, हेच काम आयुष्यभर. त्यातूनच त्यांचं तत्त्वज्ञान तयार झालं होतं. "डाळीत खडा असतोयच. दिसत न्हाय तवर आपलं डोळं कमी हायत म्हणायचं." दूधवाला, वाणी, मतं मागायला येणारा उमेदवार, पाहुणे, सगळ्यांना त्यांनी सुपात घेऊन पाखडलेलं होतं. माझाही अपवाद नव्हता.

आमचं गाव लोहाऱ्याजवळ. तिथं सातवीच्या पुढं शाळा नव्हती. आमच्या घरात कोणी दहावी झालेलं नव्हतं, त्यामुळं पुढं काय करायचं हेही कोणाला सुचत नव्हतं. आत्याबाई आल्या, माझं दप्तर उचललं आणि मला जीपमध्ये बसवून मुरुमला घेऊन गेल्या. जाताना वडिलांना म्हणाल्या, "शिकवते. पण ह्याच्या अंगाला मटनाचा वास आला तर दारात उभा करणार न्हाय." माझे वडील हसले. आमच्या घरी दर रविवारी मटण शिजायचं, आणि आत्याबाई माळकरी.

दर शनिवारी मी गावी जाई आणि सोमवारी सकाळी परत येई. दारात त्या उभ्या असत. "हा कर," म्हणत. मी तोंड उघडून श्वास सोडायचा आणि त्या नाक पुढं करून हुंगायच्या. एकदा मी रविवारी आईच्या हातचं पोटभर मटण खाल्लं होतं. भीतीपोटी जीपमध्ये चार लवंगा चघळल्या. आत्याबाईंनी हुंगलं.

"मटन खाल्लास?"

मी खाली मान घातली.

"ते खाल्लास तर खाल्लास. आईच्या हातचं हाय, तुझ्या गळ्यात माळ न्हाय. पर लवंग कशाला खाल्लीस?"

त्यांनी मला आंघोळ करायला लावली, मग गरम भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. त्या दिवशी त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. पुन्हा मी लवंग खाल्ली नाही.

पुढं कॉलेजला मी उमरग्याला खोली घेऊन राहिलो, तेव्हा त्या रोज पहाटे उठून भाकरी थापत आणि पहिल्या गाडीनं डबा पाठवत. डबा फडक्यात बांधत आणि त्यावर मिलमधल्या पोत्यांना मारतात तशी गाठ मारत. तीन वेढे, आणि शेपूट आत दाबलेलं. माहीत नसणाऱ्याला ती सुटत नाही, आणि कोणी सोडून पुन्हा बांधली तर आत्याबाईंच्या नजरेतून सुटत नाही. ती गाठ त्यांनी मलाच तेवढी शिकवली. "सोडायची, कापायची न्हाय. आन् फडकं परत पाठवताना तीच गाठ मारून पाठवायची. गाठ दिसली की मला कळंल, डबा तुलाच मिळाला." ड्रायव्हर मधे भाकरी खातो असा त्यांना संशय होता. खात नव्हता बिचारा. तीन वर्षं त्या गाठीनं माझं जेवण राखलं आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. निकाल कळवला तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद आण. बघू दे."

कागद आणला तर तो वाचायचा कोणी, कारण आत्याबाईंना वाचता येत नाही. पण वाचणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर त्यांनी तोड काढली होती. आलेलं प्रत्येक पत्र त्या दोघांकडून वेगवेगळं वाचून घेत. आधी शेजारच्या शिवलीलेकडून, ती आता बी.एड. करते. मग पिठाच्या गिरणीवाल्या सिद्रामअण्णांकडून. दोन्ही वाचनं जुळली तर पत्र खरं. एकदा मला खोकला झाल्याचं मी लिहिलं होतं. म्हातारीला काळजी नको म्हणून अण्णांनी तेवढी ओळ गाळली. आत्याबाईंनी त्यांना गिरणीतच गाठलं. "शिवलीलेच्या वाचण्यात खोकला व्हता. तुमच्या वाचण्यात कुठं गेला?" अण्णांनी कानडीत काहीतरी पुटपुटत कपाळाला हात लावला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

फोनवर तर त्या कामाचं कधीच बोलत नाहीत. शिवलीलेच्या मोबाईलवर मी बोललो तरी सुरुवात अशी असते, "दत्ताच कशावरून? तुझ्या बापाला घरात काय म्हणत्यात सांग." मी "बापूराव नाही, बाप्या" असं सांगितल्यावर पुढचं बोलणं.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं पण वाकडं. भाकरी थापणं संपलं, पातेलं उचलणं संपलं. आमच्याकडं धाराशिवला यायला त्या तयार नव्हत्या. "तुमच्या घरात मटन शिजतंय. भांडं कोणतं कोण सांगंल?" शिवलीलेच्या घरचे लिंगायत, पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, त्यांनी रोज ताट द्यायचं ठरवलं. तेही नको. "त्यांचं जेवण चोख हाय. पर तेल कुठल्या घाण्याचं?" महिना-दीड महिना त्या चहा, मुरमुरे आणि गूळ-शेंगदाण्यावर राहिल्या. मी भेटायला गेलो तेव्हा माळ त्यांच्या गळ्यात सैल होऊन खाली उतरलेली दिसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध नको, जेवण द्या."

तेव्हा माझ्या बायकोनं, सुनंदानं, भाज्या करून गोठवून पाठवायचं ठरवलं. मी आत्याबाईंना एक छोटा फ्रीज नेऊन दिला. त्या त्याच्यापुढं पाट टाकून बसल्या.

"ह्यात ठेवलं की शिळं होत न्हाय म्हणतोस? सकाळचं संध्याकाळी शिळं, मग हे महिनाभराचं काय म्हणायचं?"

"आत्याबाई, तुम्ही उन्हाळ्यात गवार वाळवून वर्षभर खाता की."

"ते ऊन हाय. ऊन देवाचं. हा बर्फ मशिनीचा."

पहिला डबा फसला. बटाट्याचा भुसा झाला, कोबीला पाणी सुटलं. "तुझ्या बायकोनं पाणी घालून भाजी वाढवली," असा निकाल आला. सुनंदानं ते मनाला लावून घेतलं नाही, ती शिकली. मेथीची डाळभाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, वाफवलेल्या कोथिंबीर वड्या हे गोठवून चांगलं राहतं. भाजी थोडी कच्ची ठेवायची, पूर्ण गार झाल्यावर एकेका वेळेच्या छोट्या डब्यात भरायची, आणि वरची फोडणी द्यायचीच नाही. ती आत्याबाईंनी डाव्या हातानं द्यायची. ही शेवटची युक्ती लागू पडली. "फोडणी ज्याची, भाजी त्याची," असं म्हणून त्या जेवायला लागल्या.

त्याआधी मात्र त्यांनी मला समोर बसवलं होतं. "तुमच्या फ्रीजमधी मटन असतंय का?" मी म्हणालो, या डब्यांसोबत कधी असणार नाही. त्यांनी गळ्यातली माळ पुढं केली. "हात लावून सांग." मी माळेला हात लावून सांगितलं. मग त्यांनी मला डब्यावर पुन्हा ती गाठ मारून दाखवायला लावली, मी विसरलो की काय ते बघायला.

वर्षभर डबे बिनघोर गेले. वाकळेच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा मुरुमला पोचेपर्यंत गार असायचा. आत्याबाईंची माळ गळ्यात पुन्हा जागेवर बसली. दर आठवड्याला काहीतरी खोट निघायची. मिठाचा वाणी बदललाय. मेथी रानातली न्हाय. पण डबा रिकामा यायचा.

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळे शेतात जातात आणि भज्जी खातात. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, चाकवत, असेल ती प्रत्येक भाजी एकत्र शिजवून बेसन लावलेली. आत्याबाईंना शेतात जाणं झेपणार नव्हतं. "भज्जी तेवढी पाठव," असं त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांनी काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. सुनंदानं शेतातच वेगळ्या पातेल्यात त्यांची भज्जी केली आणि सहा डबे गोठवले.

दोन दिवसांनी मेहुण्याकडं मुलाचं जावळ होतं. सुनंदा आधीच माहेरी होती. मी जेवून एकटाच परत निघालो तेव्हा सासऱ्यांनी मटणाची पिशवी हातात दिली. घरी आलो, कार्यालयातून फोन येत होते, घाईत पिशवी फ्रीजरमध्ये टाकली आणि निघून गेलो. भज्जीच्या डब्यांवरच. दुसऱ्या दिवशी सुनंदा आली, तिनं फ्रीजर उघडला आणि तशीच उभी राहिली.

"हे डबे पाठवायचे नाहीत," ती म्हणाली.

"झाकणं बंद आहेत. वर टेप आहे. आत काय गेलंय?"

"तुम्ही त्यांच्या माळेला हात लावला होता."

"वेळ अमावस्येची भज्जी आता पुन्हा कुठून आणायची? वाट बघत बसल्यात त्या."

ती फ्रीजर उघडाच ठेवून आत निघून गेली. मी पिशवी काढली, डबे पुसले, फडक्यात बांधले आणि माझ्या हातांनी तीन वेढ्यांची गाठ मारली. शेपूट आत दाबलं.

चार दिवसांनी शिवलीलेच्या फोनवरून आत्याबाई बोलल्या. वडिलांचं नाव विचारलं नाही, की मीच कशावरून हेही विचारलं नाही.

"दत्ता, भज्जी खाल्ली. सगळी चाळली बघ जिभंवर. खडा न्हाय रं." आणि फोन ठेवला.

ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येकाचा खडा शोधला, तिनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं होतं, आणि ते नेमकं या डब्याला. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. फोन करून सांगता आलं असतं, पण फोनवरचं त्या खरं मानत नाहीत, आणि मला ते खरं मानलं जायला हवं होतं. म्हणून पत्र लिहिलं. ते दोघांकडून वाचलं जाणार, गल्लीत दोनदा ऐकू जाणार, हे ठाऊक असूनच लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप आत्याबाईंना दत्ताचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र आधी शिवलीला वाचेल आणि मग सिद्रामअण्णा वाचतील. दोघांना विनंती आहे की यातला एक शब्दही गाळू नका. अण्णा, तुम्ही खास.

आत्याबाई, वेळ अमावस्येच्या भज्जीत खडा होता. ते डबे एक दिवस आमच्या फ्रीजरमध्ये मटणाच्या पिशवीखाली होते. पिशवी मी ठेवली. सुनंदा घरी नव्हती. तिनं डबे पाठवू नका असं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. डबे बंद होते, आत काही गेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण तुमच्या माळेला हात लावून दिलेला शब्द माझ्याकडून मोडला, आणि मोडलेला असताना मी वर तुमची गाठ मारली. मटण चुकून ठेवलं गेलं. गाठ चुकून मारली गेली नाही. तीच माझी लवंग.

माळेसाठी काय करायचं ते तुम्ही ठरवा. उपास निघाला तर तो मला सांगा, मी करीन. तुम्ही करू नका, तुमचं वजन आत्ता कुठं भरलंय. आमच्याकडं यापुढं मटण आणलं तर त्याच दिवशी संपेल, फ्रीजमध्ये जाणार नाही. हे शपथ न घेता लिहितो. शपथ घ्यायला मला आता तोंड नाही.

बुधवारी डबा येईल. मेथीची डाळभाजी आहे, नव्या डब्यात, फ्रीजर धुऊन. त्यावर मी गाठ मारणार नाही, नुसतं फडकं बांधीन. तुम्ही उघडा, हुंगा, वाटलं तर खा, नाही तर गाईला घाला. डबा मात्र रिकामा परत पाठवा. मी अजून तुमच्या विश्वासातला असेन तर त्यावर तुमची गाठ मारा. नसेन तर तसाच पाठवा, मी समजेन, आणि पुढच्या बुधवारीही डबा येईल.

गाठ आलीच, तर मी ती सोडीन. कापणार नाही.

तुमचा,
दत्ता