गस्तीच्या वहीतली खालची ओळ

भूत, चकवा असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. आजही माझा विश्वास बसलाय असं नाही. पण इथे लोकांनी लिहिलेलं वाचून वाटलं, एकदा मोकळं व्हावं...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत पोलीस खात्यात कारकून होतो – खाकीवाला नाही, टेबलवाला. कुठलं ठाणं ते सांगत नाही. कुठल्या बीटवर गस्तीला किती शिपाई लागतात, तो तक्ता मी करायचो. माणसं कमी, बीट जास्त, कायमची ओढाताण.

खाडीच्या जेटीकडच्या बीटवर सखाराम आणि महादेव ही जुनी जोडी. जेटीवर एका कुलूपबंद पेटीत वही असायची. गस्त घालत तिथे पोचलं की वेळ, आणि काही घडलं असेल तर तेही, लिहून सही करायची – सखारामची वर, महादेवची खाली. एका दिवाळीच्या आधी महादेव काविळीने गेला.

त्याच्या जागी माणूस द्यायचा का, म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. चोरी नाही, मारामारी नाही. म्हटलं, दोघं हवेत कशाला? तक्त्यात दोनाचा एक केला. दोघं फिरत होते म्हणूनच तिथे काही घडत नव्हतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. उलट स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं!

सखाराम आला. "भाऊसाहेब, एकट्याला नका घालू तिकडे. जेटीवर शेवाळ हाय. पाय सरकला तर हाक कुणाला मारू?"

"जपून चाल की," म्हणालो आणि फाईल मिटली.

महिन्याने वही आली. सखारामच्या प्रत्येक सहीखाली महादेवची सही! तोच तिरका 'म', शेवटी तोच ठिपका.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी कचेरीत सगळ्यांसमोर सखारामला उभा केला. "मेलेल्या माणसाची सही ठोकतोस? दुसरा शिपाई मिळवायचे धंदे हे?"

"नाय ओ भाऊसाहेब... मी माझीच करतोय. खालची ओळ सवयीनं रिकामी सुटते. दुसऱ्या दिवशी बघतो तर भरलेली." मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? भीती नाय वाटत. सोबत हाय असं वाटतं."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मीही हसलो. वर साहेबांकडून लेखी हुकूम काढून घेतला – खालची ओळ रिकामी सोडायची नाही, तिथे आडवी रेघ मारायची.

सखारामने निमूट रेघा मारल्या. पाच दिवस खाली सही आली नाही. सहाव्या सकाळी कोळणींना तो जेटीखाली सापडला. पाय मोडलेला, अंगावरून भरती येऊन गेलेली. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असणार. म्हणजे त्याने हाका मारल्या असतील...

त्याची बायको सावर्ड्याकडच्या गावाहून आली. तिने एवढंच विचारलं, "जोडीला कोण व्हता त्यांच्या?"

पुढचे आठ दिवस त्या बीटवर कोणाला नेमलंच नव्हतं. सखारामच्या खिशातली पेटीची किल्ली माझ्या खणात जमा होती. दुसरी किल्ली नव्हती. नवी वही ठेवायला एका दुपारी मी स्वतः गेलो. कुलूप उघडलं, जुनी वही चाळली. सखाराम गेल्यानंतरच्या आठही दिवसांच्या सह्या होत्या. वर सखाराम, खाली महादेव. त्या आठ दिवसांत रेघ कुठेच नाही.

तिथेच जेटीवर बसून मी ढसाढसा रडलो. दुसऱ्या दिवशी तक्त्यात एकाचे दोन केले. नव्या जोडीच्या वहीत कधीच काही वावगं आलं नाही.

त्या सह्या कोणी केल्या, कशा केल्या – मला आजतागायत कळलेलं नाही. कोणी समजावून सांगितलं तर ऐकेन. पण सखारामला सोबत होती, आणि ती मी तोडली, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.