दुसऱ्याच्या हातचा हत्ती

कमलमामी दारात आलेल्या पोराचे आधी हात बघायची, मग तोंड. "धुऊन ये जा. नखात माती असली तर हत्तीला खरूज होते," म्हणायची. पोरं मोरीकडे पळायची. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत पाण्याची कायम बोंब, टँकर आला तर आला. पण पोरांच्या हातांसाठी मामीनं एक कळशी वेगळी भरून ठेवलेली असायचीच.

मी बारावी होऊन कॉलेजसाठी चिपळूणकडच्या गावाहून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या घराण्यात तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मामी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. कारखान्याला सुट्टी असली की मजल्यामजल्यावरची पोरं तिच्या खोलीत जमत. ती तांदळाची गरम उकड परातीत तेला-पाण्याच्या हातानं मळायची आणि प्रत्येकाला एकेक गोळा द्यायची. आत गूळखोबरं भरायचं, बाहेरून हवा तो प्राणी करायचा, डोळ्यांना मिरे लावायचे. मग केळीच्या पानावर ठेवून सगळं वाफेला.

मला दर वेळी घोडाच करायचा असे, तोही उभा. मामी म्हणायची, "बसव गो त्याला. उकडीला हाडं नसतात. वाफ लागली की पाय जातात." मी ऐकायची नाही. झाकण काढलं की माझा घोडा पोटावर आडवा. पोरं खिदळायची. "हसू नका रे," मामी म्हणायची, "दमलाय तो. गावावरनं चालत आलाय."

तिचा एक नियम मात्र मोडता यायचा नाही. आपण केलेलं आपण खायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. "स्वतःचं सगळ्यांनाच गोड लागतं. दुसऱ्याच्या हातचं खाऊन बघा," म्हणायची. आमच्या शेजारचा जिग्नेश "मामी, मेरा हाथी मैं ही खाऊंगा" म्हणून रडला, तर त्याला म्हणाली, "तेरा हाथी सुनंदा खाएगी, सुनंदा का घोडा तू खा. रो मत, घोडे को बुरा लगेगा."

सगळ्यांत सुबक हात तळमजल्यावरच्या पिंकीचा. तिच्या सशाचे कान वाफेतही ताठ राहायचे. काकू, म्हणजे तिची आई, गिरगावातून इथे राहायला आलेल्या. पिंकी वाट्याला आलेला प्राणी तिथे कधी खायची नाही. "घरी जाऊन खाते," म्हणून डब्यात घालून न्यायची. एकदा मी दूध आणायला खाली उतरले, तर कंपाउंडच्या भिंतीवर माझा आडवा पडलेला घोडा, आणि कावळा त्याचा डोळा टोचतोय.

मी तरातरा वर आले. आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, ती काकूंनी पहिल्याच दिवशी दारातून पाहिली होती. पुढचं सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "मामी, उद्यापासून त्या पोरीला घरात घ्यायचं नाही."

मामी भांडी पुसत होती. "कावळ्यानं खाल्ला ना? मग घोडा फुकट नाही गेला."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पोरगी हात धुऊन येते, शिकून जाते. खायचं नाही हे तिच्या आईचं. आईचा राग पोरीवर काढू नको. मी कुणाच्या तोंडात कोंबायला जाणार नाही. पण माझ्या घरात कुणी नाक मुरडून खाल्लं, तर तेही नाही चालायचं."

पुढे गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंचं मनगट मुरगळलं. गणपतीला घरात पाहुणे, आणि मोदक वळायला कुणी नाही. ते पिंकीनं वळले. पाहुणे कळ्या मोजत बसले आणि विचारू लागले, हे कुठे शिकलीस. पिंकीनं भरल्या घरात सांगितलं, "वरच्या कमलमामीनं शिकवलं."

त्याच संध्याकाळी काकू वर आल्या. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात मोदकांचं ताट, मागे पिंकी. "कमलताई, हे तुमच्यासाठी. पिंकीनं केलेत."

मामी म्हणाली, "पोरीच्या हातचे म्हणून घेईन हो. देवाचे म्हणून नाही, आमच्यात ते नाही. पण आधी बसा. या घरात फुकट कुणी कुणाचं खात नाही. तुम्ही माझ्या हातचं खा, मी तुमच्या पोरीच्या हातचं खाते."

कारखान्याला सुट्टी होती, परातीत सकाळची उकड उरली होती. मामीनं ती पुन्हा मळून हत्ती वळला, बसलेला. वाफेवर ठेवला. तो होईपर्यंत पिंकी आईकडे बघत होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो. मामीनं आपल्या रोजच्या ताटलीत हत्ती काकूंपुढे ठेवला आणि मागे सरून उभी राहिली. खा म्हणाली नाही.

काकूंनी ताटलीकडे पाहिलं, मग पिंकीकडे. सोंडेपासून सुरुवात केली. दोन घास झाल्यावर खालमानेनं म्हणाल्या, "उकड मऊ झालीय हो." मगच मामीनं मोदक उचलला. काकू ताटली विसळायला उठल्या, तर मामी म्हणाली, "राहू द्या. माझ्याकडचे पाहुणे भांडी विसळत नाहीत."

त्या गेल्यावर मामीनं रिकामी ताटली मला दाखवली. "बघ, कानसुद्धा नाही ठेवला."

मी पदवीधर झाले तेव्हा मामीनं सगळ्या इमारतीला हत्ती वाटले. काकूंनी दोन मागून घेतले.

नव्वदचं दशक संपता संपता मामी गेली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. काकू पिठलंभात घेऊन वर आल्या, आम्हा सगळ्यांना वाढलं, आणि आमच्याच ताटलीत, आमच्या पंगतीला बसून जेवल्या. पिंकी तेव्हा कॉलेजात होती. ती दारात क्षणभर थांबली, मग मोरीकडे गेली. हात धुतले, नखं बघितली, आणि आत आली.