रेवदंड्याचं इस्कंदरिया

इस्कंदरियाचाचा कुठंही सरळ चालत जात नसत. मशिदीतून घरी येताना, बाजारात जाताना मध्येच थांबत, डोळे बारीक करत आणि समोरची जागा पावलांनी मोजू लागत. मोजून झालं की मान हलवून म्हणत, "न्हाय बसत." काय बसत नाही ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, इस्कंदरिया बंदरातलं फुटबॉलचं मैदान रेवदंड्यात कुठंच बसत नव्हतं.

चाचा बोटीवर खलाशी. एकदा बोट दुरुस्तीसाठी इस्कंदरियाला अडकून पडली, तेव्हा तिथं हे नवं मैदान बांधलं जात होतं. चाचांनी काही महिने त्यावर दगड वाहिले, आणि तेवढ्या भांडवलावर पुढं कित्येक वर्षं गप्पांचं दुकान चालवलं. "दरवाजा संगमरवरी. राजाची बसायची जागा येगली. आनि जुन्या कोटाची भिंत पाडली न्हाय, तशीच मैदानात घेतली. अरे, कोट तर आपल्याकडं आयता हाय! मैदान तेवढं करायचं." घरात भाकरी करपली तरी त्यांना इस्कंदरिया आठवे. चाची म्हणायच्या, "मग तिथंच का न्हाय जेवत?"

आम्हा विशीतल्या पोरांना त्यांनी चेंडू आणून दिला आणि खेळाचं वेडही लावलं. मी गोल सांभाळत असे, कारण मला पळायचा कंटाळा होता. पण थळ गावच्या पोरांशी सामना खेळायचा तर सपाट जागा हवी, आणि ती कोटाच्या भिंतीखाली एकच होती. तिथं ठकूआत्या कोळीण बोंबील वाळवत असे. दोन उभ्या बांबूंना दोरी बांधायची आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या तिच्यावर लटकवायच्या. अशा दोऱ्यांनी सगळी जागा भरलेली असायची.

चाचा रोज तिच्याकडं जाऊन बसू लागले.

"हसनभाय, तुजा राजा माजं बोंबील खानार हाय का?" आत्या विचारी.

शेवटी चाचांनी हुकमी पान टाकलं. "ठकूबाय, राजाची खुर्ची तुला. कोटावर, मधोमध."

आत्या विरघळली. तरी तिनं एक दोरी काही सोडली नाही; तिच्यावरचे बोंबील अजून ओले होते. चाचांनी त्या दोन बांबूंकडं पाहिलं, वरच्या दोरीकडं पाहिलं आणि जाहीर केलं, "हाच गोल."

सामन्याच्या दिवशी गाव कोटावर चढून बसलं. आत्या नवं लुगडं नेसून राजाच्या खुर्चीत. चाचा तुर्की टोपी घालून कोटाच्या दरवाजात उभे, लोकांना आत सोडत, मैदानाकडं पाठ करून. खेळ सुरू झाला तरी ते वळले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

खेळ संपत आला असताना थळच्या एका दांडग्यानं चेंडू असा हाणला, की तो थेट बोंबलांवर आदळून परत मैदानात गेला. डझनभर बोंबील माझ्या डोक्यावर पडले. थळचे ओरडले, "गोल!" आमचे ओरडले, "बोंबलांनी अडवला!" प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "चाचांना विचारा, इस्कंदरियात काय करतात?"

सगळे दरवाजाकडं बघू लागले. चाचांनी टोपी काढून हातात घेतली.

"मला म्हायत न्हाय," ते म्हणाले. "खेल मी बघितलाच न्हाय. बांधून झालं नि आमाला भाईर काढलं. पयला खेल झाला तवा मी फाटकाभाईर हुतो. नुसता आवाज आयकला."

थळची पोरं खो खो हसली. आमच्यातलेही काही हसले. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात राजाच्या खुर्चीतून आवाज आला. "दात काय काडताव रं? जागा माजी, बोंबील माजं. बोंबील खाली परलं म्हंजे गोल झाला!" निकाल आमच्याच गावाच्या विरुद्ध गेला, पण बोलायची कुणाची छाती होती? मग आत्या उठून उभी राहिली. "हसनभाय, हितं येऊन बस. मी उबी रेते."

चाचा त्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शेवटपर्यंत बसले. आम्ही हरलो. त्यांनी थळकरांसाठीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर चाचांनी इस्कंदरियाचं नाव घेणं सोडलं. ते रेवदंड्याचा सामना सांगू लागले, तोही आम्हालाच, जे तो खेळलो होतो.

पुढं ते पुन्हा बोटीवर गेले ते परतले नाहीत. इस्कंदरियातच तापानं वारले. त्यांची पेटी घेऊन आलेल्या खलाशानं सांगितलं, की त्याआधी चाचा एकदाचे त्या मैदानात आत गेले, अख्खा सामना बघितला. कसा वाटला विचारल्यावर म्हणाले, "खेल बरा हाय. पन गोलाला बोंबील न्हाय."

आम्ही सगळे हसलो, आणि मग कुणालाच कुणाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता ठकूआत्यानं जागा रिकामी केली. एक दोरी तेवढी ठेवली, बोंबलांसकट. राजाची खुर्ची स्वतः उचलून कोटावर मधोमध नेऊन मांडली, आणि आपण बाजूला उभी राहून म्हणाली, "खेला रं."