दोरीच्या मापाचा शर्ट

जमादारांनी मोबाईल माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. "ताई, हा शर्ट तुमच्या दुकानातला का?"

फोटोत निळा शर्ट होता, उलटा करून पसरलेला. कॉलरला आमच्या वारंगा फाट्याच्या दुकानाचं लेबल. शिलाई माझीच. मी मान हलवली.

जमादारांच्या मागं तांड्यावरच्या विनोदची आई उभी होती. विनोद मालवाहू जहाजावर कामाला. परदेशातल्या लढाईत पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. पाण्याखालून मारा झाला, वरच्यांना काही दिसलंच नाही. बरीच माणसं बेपत्ता होती. एक प्रेत सापडलं, चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. अंगात हा शर्ट होता.

दुकानमालक मास्तरांनी मापाची वही काढली. माझ्याच अक्षरात होतं, 'विनोद, निळे शर्ट दोन.'

"बराबर आहे. त्याचाच," मास्तर म्हणाले.

म्हातारी खालीच बसली. जमादार पंचनाम्याचा कागद काढू लागले.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण फोटोत चोरखिसा दिसत होता. म्हणजे शर्टाच्या आतला, छातीजवळचा खिसा. उजव्या हातानं काम करणाऱ्याला तो डावीकडे लागतो. विनोद डावखुरा, त्याला मी उजवीकडे लावते. फोटोतला खिसा डावीकडे होता.

"हा विनोदचा न्हाई," मी म्हणाले.

"तूच लिहिलं ना? मंग आता काहून पलटून राहिली?" मास्तर तडकले.

"दुसरा शर्ट दोरीचा होता."

गिऱ्हाईक स्वतः येऊ शकत नसेल तर दोरीला गाठी मारून माप पाठवतात. विनोदनं जहाजावरच्या जोडीदाराची दोरी आणली होती. मी नाव मात्र आणणाऱ्याचंच लिहिलं. दोरी ड्रॉवरमध्येच होती, ती टेपला लावून दाखवली.

"दोघांच्या शर्टांची अदलाबदल झाली असंल तर?" जमादारांनी विचारलं.

"ह्याची छाती चव्वेचाळीस. विनोद एवढ्यात दोनदा मावतो, साहेब."

म्हातारीनं माझा पदर धरला. "मंग माझं लेकरू कुठाय?"

"ते मला ठाऊक न्हाई, मावशी. हे ते न्हाई, एवढंच."

जमादारांनी कागद घडी करून खिशात घातला. "जोडीदाराचं नाव काय?"

मी ते विचारलंच नव्हतं.

आठ दिवसांनी विनोदचा फोन आला. दुसऱ्या जहाजानं त्याला उचललं होतं, पाय मोडून तो परदेशी दवाखान्यात होता. जोडीदाराचं नाव त्यानंच सांगितलं. मग त्या जोडीदाराच्या घरी कळवलं गेलं.

आता कोणी दोरी आणली की मी आधी विचारते, घालणार कोण. त्याचंच नाव लिहिते.