हिरवळीवरचे पिवळे डाग

जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर गोल पिवळे डाग पडले, तेव्हा मी पन्नाशीतली अतिशहाणी सेक्रेटरी होते. शेजारणीच्या कुत्र्याच्या मुतानेच गवत जळलं, असं ठरवून मी त्याला हाकलायची नोटीसही हिरवळीच्या कडेच्या खांबावर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत नीट करायला एक म्हातारा माळी आला. चपला काढून हिरवळीवर उतरला, उकिडवा बसला. दवात चमकणारे कोळिष्टकासारखे तंतू बोटावर घेऊन म्हणाला, "बाय, ही बुरशी हाय. रोज सांजचं पानी कोन घालतं?"

मी हादरलेच. पाइप धरून मीच की!

"रातभर गवत वलं ऱ्हातं. पानी सकालीच घाला, सडलेलं कापून टाका." त्याने खांबावरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं. "मुक्या जनावराला कशाला नाव ठेवता?"

नोटीस मी तिथेच फाडली. कुत्रा शेपटी हलवत आला. शेजारीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.