शंभर मायक्रॉनचा फरक

गोटीराम म्हात्रे यांची सव्वीस वर्षं पत्र्याची जाडी मोजण्यात गेली. नवी मुंबईत पावण्याच्या ज्या कारखान्यात डब्यांचा पत्रा तयार व्हायचा, तिथे ते क्वालिटीत होते. मायक्रोमीटरमध्ये पत्रा धरायचा, किर्र आवाज येईपर्यंत मूठ फिरवायची, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. मग कारखाना गुजरातला गेला. गोटीराम काही गेले नाहीत. घर पावण्यात, माणसं पावण्यात, तिकडे जाऊन करायचं काय?

दोन वर्षं घरी बसून काढल्यावर त्यांना सानपाड्याच्या एका संशोधन केंद्रात मदतनिसाची नोकरी लागली. केंद्रात एमआरआयचं यंत्र होतं. येणाऱ्या माणसाच्या गळ्यातली साखळी, खिशातली नाणी, कमरेचा पट्टा काढून घ्यायचा, त्याला फळीवर निजवायचं, कानाशी स्पंज खोचायचे, डोक्यावर पिंजरा बसवायचा आणि घाबरलं तर दाबायला हातात घंटीचा फुगा द्यायचा. मग काचेपलीकडे बसून लक्ष ठेवायचं. जुनी सवय सुटत नव्हती, म्हणून त्यांनी इथेही स्वतःची एक वही सुरू केली. प्रत्येक नंबरापुढे एखादा शब्द : ‘शांत’, ‘खोकला’, ‘हलला’. ती वही कोणी मागितली नव्हती आणि कोणी बघतही नव्हतं.

यंत्रावर काम चालायचं ते डॉक्टर ईश्वरी यांचं. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं झटपट. एका दुपारी त्यांनी गोटीरामना पडद्यापाशी बोलावलं.

“काका, हे बघा. मेंदूच्या वर ही करडी साल असते, कॉर्टेक्स. आतून एक रेघ, बाहेरून एक रेघ. दोन्ही कॉम्प्युटर मारतो. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे जाडी. साधारण अडीच मिलिमीटर.”

“हात न लावता?” गोटीरामनी विचारलं.

“हात न लावता.”

गोटीरामनी मनातल्या मनात हिशेब केला. अडीच मिलिमीटर म्हणजे अडीच हजार मायक्रॉन. बऱ्याच दिवसांनी आपल्या ओळखीचं कोणी भेटावं तसं त्यांना वाटलं.

ईश्वरी मॅडमचा अभ्यास दारू सोडलेल्या माणसांवर होता. तीस माणसं दारू सोडलेली, तीस कधीच न प्यायलेली. साठही स्कॅन झाल्यावर मॅडमनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की प्यायलेल्यांची साल सरासरी शंभर मायक्रॉननी पातळ निघाली.

त्या गर्दीत दिवाळे गावचा दिलीप होता. मासेमारीच्या होडीवर जाणारा, चाळिशीचा, दारू सोडून चौदा महिने झालेले. कप तसाच ठेवून तो गोटीरामच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“दादूस, शंभर म्हंजे किती?”

“केसाएवढा.”

“मंग सोरून काय उपेग झाला? आतून तर खल्लास झालाय मी.”

पत्र्यात शंभर मायक्रॉन कमी आले की अख्खा लॉट परत जायचा, हे गोटीरामच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दिलीप निघून गेला. पुढच्या दोन आठवड्यांत दारू सोडलेल्यांच्या बैठकीलाही तो आला नाही, असं कळलं.

ते गोटीरामच्या मनाला लागलं. घरी बायको म्हणाली, “तुमी काय केलंय? तुमी फक्त झोपवलात त्याला.” झोपवलं होतं, हे खरं. आणि झोपवताना त्याचे हात कसे थरथरत होते, तेही गोटीरामना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडून मोजलं. दारू सोडलेल्या तिसांपैकी एकोणीस जणांपुढे ‘हलला’ होतं. दुसऱ्या तिसांत फक्त चौघांपुढे.

वही घेऊन ते मॅडमच्या टेबलाशी गेले.

“मॅडम, ही माणसं पातळ आहेत की हलली म्हणून पातळ दिसतात?”

ईश्वरींनी वर न बघताच म्हटलं, “हललेले स्कॅन आम्ही बाजूला काढलेत, काका. दोन होते.”

“ते डोळ्याला दिसले म्हणून काढलेत. ही बाकीची थोडी थोडी हललीत. फोटो पुसट झाला तर रेघ कुठे पडेल?”

“त्याचा एवढा फरक नाही पडत.”

“नसेल पडत. पण आमच्याकडे मोजायच्या गेजवर शंका आली की एकच तुकडा दोनदा मोजायचो. तुम्ही एकच माणूस दोनदा मोजलाय का?”

आता ईश्वरींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा राग होता. लेख लिहून तयार होता, आठवड्याभरात छापायला पाठवायचा होता. तरी त्या म्हणाल्या, “नाही मोजला. चला, तुम्हीच झोपा.”

आजवर वेगवेगळ्या अभ्यासांची दोनशेवर माणसं आत सारली होती, पण गोटीराम स्वतः कधी आत गेले नव्हते. पिंजरा तोंडावर आला तसा त्यांनी हातातला फुगा घट्ट धरला. नाकापासून वीतभरावर छत. धडाधड आवाज. इतके दिवस आपण लोकांना ‘काही नाही, पडून राहायचं’ असं किती सहज सांगत होतो, याची त्यांना आतल्या आत लाज वाटली. पहिली सहा मिनिटं ते दगडासारखे पडून राहिले. दुसऱ्या वेळी ठरल्याप्रमाणे मधूनमधून पाय हलवला, एकदोनदा आवंढा गिळला.

संध्याकाळी आकडे आले. शांत पडलेले गोटीराम दोन पूर्णांक एक्कावन्न मिलिमीटर. हललेले गोटीराम दोन पूर्णांक त्रेचाळीस. एकच डोकं, अर्ध्या तासात ऐंशी मायक्रॉननी पातळ.

ईश्वरी खुर्चीत मागे टेकल्या. “मी त्या सगळ्यांना सांगितलंय, काका,” त्या हळूच म्हणाल्या. “चहा देऊन सांगितलंय.”

“परत बोलवू,” गोटीराम म्हणाले.

लेख थांबला. हललेल्या तेवीस जणांना फोन गेले. दिलीपचा फोन लागेना, तेव्हा रविवारी गोटीराम स्वतः दिवाळ्याला गेले. बंदरावर बोंबील वाळत घातले होते. दिलीप होडीच्या आडोशाला जाळं सांधत बसला होता.

“घेतलीस?” गोटीरामनी विचारलं.

“एकदा.” दिलीपने मान खाली घातली. “मंग बायकोनी पोरांना घेऊन माहेरची वाट धरली, तवा परत नाय घेतली. आली ती आता घरी.”

गोटीराम बाजूला बसले. “माझा पन डोका पातल निघाला. पाय हलवला म्हनून. मी तर थेंब नाय घेत.”

दिलीपने मान वर केली. गोटीरामनी त्याला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ऐकून तो म्हणाला, “मंग मी बरा हाय?”

“ते मना ठाव नाय. परत मोजल्याबिगर कोन सांगल?”

या वेळी गोटीरामनी घाई केली नाही. प्रत्येकाला आधी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून निजवलं, यंत्राचा आवाज मोबाइलवर ऐकवला आणि आत काय वाटतं ते स्वतःच्या अनुभवाने सांगितलं. दिलीपला ते म्हणाले, “मनात जाला सांध. एकेक गाठ मार.” सहा मिनिटांत दिलीपने, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सत्तर गाठी मारल्या. डोकं जागचं हललं नाही.

नव्या मोजणीत फरक उरला चाळीस मायक्रॉनचा. पुसला मात्र गेला नाही. ईश्वरींनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं, आधी सांगितलं त्यात आपली चूक होती असं उभं राहून कबूल केलं आणि उरलेला आकडाही लपवला नाही. “हा भरून येतो का, ते मला आज माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वर्षाने परत आलात तर बघता येईल.”

लेखाला आणखी आठ महिने लागले आणि तो पहिल्याइतका दणक्यात छापून आला नाही. ईश्वरींना त्याचं वाईट वाटलंच, चार दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. पण प्रत्येक स्कॅनपुढे गोटीरामचा शब्द आता कॉम्प्युटरवर चढतो.

वर्षाने दारू सोडलेल्या तिसांपैकी बावीस जण आले. दिलीप बायकोला घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. यंत्रातून बाहेर येताच त्याने विचारलं, “दादूस, हललो का?”

“शेवटाला खोकलास जरा.”

“मंग परत घ्या,” दिलीप म्हणाला आणि फळीवर पुन्हा आडवा झाला.